मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात केलं : सर्जनला पाच स्टार, पॅकेजच्या काउंटरला दोन

सरळ सांगतो, ऑपरेशनला पाचपैकी पाच, नर्सिंग स्टाफला साडेचार, आणि जे काचेच्या केबिनमध्ये बसून डोळ्यात बसवायच्या लेन्सचं पॅकेज विकतात त्यांना दोन, ते दोन पण पाणी विचारलं म्हणून. हॉस्पिटल आपल्या सोलापुरातलंच, खाजगी, मध्यम आकाराचं. नाव टाकत नाही कारण दुसरीकडे चौकशी केली तर पॅकेजचा प्रकार तिथेपण थोडाफार असाच होता, मग एकालाच कशाला धरायचं. ज्यांच्या घरात कुणाचं ऑपरेशन करायचं आहे त्यांनी वाचा, लांबलंय, पण चहा घेऊन बसा.

आधी माझं काम सांगतो कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी चादर आणि टॉवेलच्या डिझाइनचं काम करतो, जेकार्डचं, म्हणजे मागावर विणूनच काढायच्या नक्षीचं. पूर्वी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर, पण शेवटी धाग्याची शेड हातात धरून डोळ्यानेच बघावी लागते, ऑर्डरचा नमुना आणि डाईंगवाल्याकडून आलेला धागा शेजारी शेजारी ठेवून. साठी ओलांडली. शाळेपासून मायनसचा चष्मा, तीन नंबर, आणि बारीक काम करताना चष्मा कपाळावर सरकवायचा ही चाळीस-एक वर्षांची सवय. ही सवय लक्षात ठेवा, पुढे हजारो रुपयांचा प्रश्न त्याच्यावरच येऊन थांबला.

त्रास असा सुरू झाला की नेव्ही ब्लू आणि काळा यातला फरक कळेना. बॉटल ग्रीन पण काळाच दिसायचा. कारखान्यातला अण्णा, तेलुगू आहे पण मराठी आपल्यापेक्षा फर्डं बोलतो, तो म्हणाला "मालक, हा काळा न्हाई ओ, नेव्ही हाय, उन्हात धरून बघा की". उन्हात धरलं तर उलट आणखीच कमी दिसलं, सगळं पांढरं फटफटीत व्हायचं. रात्री पुणे रोडला समोरून ट्रक आला की त्याच्या लाइटचा मोठा गोळा व्हायचा आणि रस्ताच गायब. आणि चष्म्याचा नंबर सारखा वाढत होता, मायनस तीनचा चार, चारचा पाच. चष्म्याच्या दुकानात नुसत्या काचा बदलून देत राहिले. या वयात मायनस नंबर असा भराभर वाढायला लागला तर ते बऱ्याच वेळा मोतीबिंदूचंच लक्षण असतं, भिंगाच्या आतला गाभा कडक व्हायला लागतो आणि त्याची पॉवर बदलते. काही म्हाताऱ्या माणसांना त्यामुळे मध्येच चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागतो आणि घरचे खूष होतात की आजोबांची नजर सुधारली. सुधारलेली नसते.

"पिकू दे जरा, मग काढा" हे मला घरातल्या, शेजारच्या, देवळात भेटणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. हे जुन्या काळात बरोबर होतं. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे, टाके पडायचे, आत लेन्स बसवत नव्हते आणि दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा जन्मभर लावायचा. आता उलटं आहे. जास्त पिकला की गाभा दगडासारखा कडक होतो आणि फोडायला जास्त ताकद लागते, म्हणजे डोळ्यालाच जास्त त्रास. फार दुर्लक्ष केलं तर प्रेशर वाढून डोळा भयंकर दुखतो. डॉक्टरचं म्हणणं सोपं होतं, तुमच्या कामात अडचण यायला लागली की करायचं, कॅलेंडर बघून नाही. आणि ड्रॉप टाकून मोतीबिंदू विरघळतो म्हणून जे काय व्हॉट्सअॅपवर फिरतं त्याच्यावर एक रुपया घालवू नका. कुठल्याही ड्रॉपने, मधाने, कशानेच जात नाही. ऑपरेशन हा एकच इलाज आहे.

आता कुठे करायचं. आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत, ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. सिव्हिलला होतं, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, शिवाय ट्रस्टची हॉस्पिटलं आणि शिबिरं. शिबिरातलं ऑपरेशन म्हणजे हलकं असा जो समज आहे तो काढून टाका. तिथे बहुतेक वेळा एसआयसीएस नावाची पद्धत वापरतात, सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा पूर्ण बाहेर काढतात, बोगदा आपोआप मिटतो, टाका सहसा लागत नाही. खाजगीत फेको, म्हणजे अडीच-एक मिलिमीटरच्या छेदातून सुईसारखं यंत्र आत घालून अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी गाभा फोडायचा आणि ओढून घ्यायचा. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत काढली. फेकोत जखम लहान म्हणून नजर लवकर स्थिर होते आणि तिरका नंबर कमी राहतो. पण ज्याचा मोतीबिंदू पार तपकिरी किंवा पांढरा झालाय त्याला चांगल्या हाताचं एसआयसीएस अजिबात कमी नाही, काही वेळा तेच जास्त सेफ. आमच्या गल्लीत एक अक्का आहेत, विड्या वळतात, त्यांचा डोळा बाहेरूनच पांढरा दिसायचा. त्यांचं शिबिरात झालं, आता सुपात तंबाखू घेऊन परत दारात बसलेल्या असतात आणि रस्त्याच्या पलीकडून मला हाक मारतात.

पुण्याला जा म्हणणारे पण खूप भेटले. मुलगा पुण्यालाच आहे, तो म्हणाला "आप्पा, इथे या, मोठं हॉस्पिटल आहे". पण हे ऑपरेशन एकदा करून संपत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायचं, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि मध्येच डोळा लाल झाला तर त्याच दिवशी दाखवता आलं पाहिजे. अडीचशे किलोमीटर कोण धावणार. रेटिनाचं, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, काही अवघड असेल तर गोष्ट वेगळी. साध्या मोतीबिंदूला सोलापूर सोडायचं काही कारण मला दिसलं नाही.

तपासणी मात्र जिथे मन लावून करतात तिथेच जा, हा माझा पहिला निकष होता आणि याबाबतीत हॉस्पिटलला पूर्ण मार्क. हनुवटी ठेवून मशीनमध्ये बघायचं, ते डोळ्याची लांबी मोजतं. साधारण माणसाची साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते, मायनसवाल्यांची जास्त. त्याच्यावरून आणि बुबुळाच्या वाकावरून आत बसवायच्या लेन्सची पॉवर काढतात. इथे चुकलं की ऑपरेशन कितीही सुंदर झालं तरी नंबर उरतो. माझं पहिल्या वेळी रीडिंग सारखं बदलत होतं. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे आहेत, कोरड्या डोळ्यावर माप बरोबर येत नाही, थोडे दिवस ल्युब्रिकंटचे ड्रॉप टाका आणि परत या. कारखान्यातली सुताची कुसळं, सोलापूरचं ऊन आणि धूळ, कोरडे नाही होणार तर काय. मला हे आवडलं कारण घाई करून तेव्हाच तारीख देता आली असती. मग रेटिना, प्रेशर, शुगर, बीपी, सगळं. शुगरवाल्यांनी पडदा तपासल्याशिवाय ऑपरेशन करू नका, पडदाच खराब असेल तर लेन्स कितीही भारी टाकली तरी दिसणार काय.

एक गोष्ट इथे मोठ्याने सांगतो. पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी, टॅमसुलोसिनची गोळी देतात. ती चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला सांगाच. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो. आधी माहीत असलं की सर्जन तयारीत राहतात. गोळी बंद केली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करून गप्प बसणं उपयोगाचं नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्यांचं पण तेच, आपल्या मनाने बंद करू नका, विचारा.

आता या तो काउंटर. तपासणी झाली की डॉक्टरच्या आधी तुम्हाला काउन्सेलरच्या केबिनमध्ये बसवतात. समोर लॅमिनेट केलेला तक्ता, सिल्व्हर १८ हजार, गोल्ड ३२ हजार, प्लॅटिनम ८५ हजार, एका डोळ्याचे. लेन्सचं नाव नाही, कंपनी नाही, कशाची बनली आहे ते नाही. हॉटेलात थाळी मागवताना तरी भाजी कुठली विचारतो की नाही आपण. मी विचारलं गोल्डमध्ये लेन्स कुठली, तर म्हणे "इम्पोर्टेड". अहो इम्पोर्टेड म्हणजे काय, चीनचा टॉवेल पण इम्पोर्टेडच असतो, आणि सोलापूरच्या माणसाला हे सांगताय. मग त्या बाई म्हणाल्या, काका प्लॅटिनम घ्या, चष्मा कायमचा जातो, आयुष्यात एकदाच करायचं असतं. हे शेवटचं वाक्य बहुतेक ट्रेनिंगमध्येच शिकवत असतील, कारण बाहेर बाकावर बसलेल्या मंगळवेढ्याच्या एका मावशींना पण शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं आणि त्या बिचाऱ्या मुलाला विचारत होत्या की सोनं मोडायचं का.

सोनं मोडू नका. पॅकेजच्या मागे नक्की काय असतं ते माझ्या भाषेत सांगतो.

मोनोफोकल म्हणजे एका अंतरावर फोकस. बहुतेकांना लांबचं स्वच्छ ठेवतात आणि वाचायला चष्मा लागतो. नजरेचा दर्जा आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे जवळजवळच्या शेडमधला फरक कळणं, या लेन्सचा सगळ्यात चांगला. टोरिक म्हणजे तिरका नंबर, सिलिंडर, भरून काढणारी. ज्याचा सिलिंडर एक-दीडच्या वर आहे त्याने खर्च करायचाच असेल तर इथे करावा, खरा फरक पडतो. ट्रायफोकल म्हणजे लांब, मधलं आणि जवळ असा प्रकाश वाटून देणारी. चष्मा बऱ्यापैकी सुटतो, पण प्रकाश वाटला गेल्यामुळे कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, काहींना सवय होते, काहींना होत नाही. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर ही सहसा टाकत नाहीत. मध्ये एक ईडॉफ म्हणून प्रकार आहे, लांबचं आणि कॉम्प्युटरचं ठीक, कडी कमी, पण औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतोच. आता माझा सिलिंडर फक्त अर्धा, तरी प्लॅटिनममध्ये "टोरिक ट्रायफोकल" लिहून ठेवलेलं, म्हणजे मला नसलेल्या आजाराचे पैसे.

डॉक्टरशी बोललो तेव्हा वेगळाच माणूस भेटला. त्यांनी तक्त्याकडे बघितलं पण नाही. विचारलं, काका तुम्ही दिवसभर डोळ्याने काय काम करता? मी धागा, शेड, ग्राफ, सगळं सांगितलं. मग विचारलं, बारीक बघताना चष्मा घालता का काढता? म्हटलं काढतो, जन्मभर काढत आलोय. ते म्हणाले मग तुम्हाला लांबचं स्वच्छ करून दिलं तर तुम्ही मला शिव्या घालाल, कारण धागा बघायला पहिल्यांदा चष्मा लावावा लागेल. त्यापेक्षा साधी मोनोफोकल टाकू आणि मुद्दाम मायनस अडीचच्या आसपास नंबर ठेवू, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर चष्म्याशिवाय एकदम क्लिअर, आणि गाडी चालवायला लांबचा चष्मा, जसा आत्ता आहे तसाच. ट्रायफोकलला त्यांनीच नको म्हटलं, शेड बघणाऱ्या माणसाला कॉन्ट्रास्ट कमी करून कशाला देऊ. पिवळसर झाक असलेली लेन्स की पांढरी हे पण मी विचारलं, ते म्हणाले रंगात फरक फार थोडा पडतो, पडद्याला जास्त संरक्षण मिळतं असं काही सिद्ध झालेलं नाही, तुमच्या कामाला क्लिअर टाकू. म्हणजे मला लागणारी वस्तू गोल्डच्या खान्यात होती आणि प्लॅटिनमपेक्षा ५३ हजारांनी स्वस्त. जन्मभर मायनस असलेल्या किती लोकांना हा प्रश्न कुणी विचारतच नसेल. तुम्ही शिंपी असाल, सोनार असाल, देवळात पोथी वाचत असाल, तर केबिनमध्ये बसायच्या आधी डॉक्टरला तुमचं काम सांगा. एसटीचा ड्रायव्हर आणि डिझाइनवाला यांना एकच पॅकेज कसं चालेल.

लेझरचं पण थोडक्यात. "ब्लेडलेस, रोबोटिक" म्हणून वरचे पैसे मागतात. त्यात लेझर छेद घेतं, भिंगाची पिशवी गोल कापतं आणि गाभ्याला भेगा पाडतं, पुढचं चोखून काढायचं काम अल्ट्रासाउंडचंच. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्या २०२० मध्ये छापून आल्या, त्यात साध्या फेकोच्या तुलनेत नजरेत सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. वाईट नाही, पण मी त्याला पैसे दिले नाहीत.

गावाकडच्या भावाला काळजी वेगळीच, डोळ्यात प्लास्टिक कसं चालेल, सडणार नाही का, किती वर्षांनी बदलायचं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या खिडक्यांच्या ॲक्रेलिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यात घुसले आणि डोळ्याने ते गुमान सहन केले, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं, आणि त्यांनी १९४९ मध्ये पहिली लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. तेव्हापासून चालूच आहे. आताच्या घडी घालून आत सोडतात आणि आत उलगडतात. बदलावी लागत नाही. भारतीय लेन्स पण चांगल्या आहेत, मदुराईच्या ऑरोलॅबच्या लेन्स परदेशात जातात, उगाच नाक मुरडू नका.

तारीख मी गड्ड्याच्या जत्रेनंतरची घेतली. थंडीतच करावं, उन्हाळ्यात पिकतं वगैरे काही नसतं, कुठल्याही सिझनमध्ये होतं, पण संक्रांतीला होम मैदानावरची धूळ आणि नंदीध्वजाच्या मिरवणुकीतली गर्दी, आणि मी घरात बसणाऱ्यातला नाही, म्हणून. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला टेकला की घाम डोळ्यात जातो, तेवढंच टाळलं.

ऑपरेशनचा दिवस म्हणजे थांबण्याचाच दिवस. बाहुली मोठी करायचे ड्रॉप परत परत, कपाळावर त्या बाजूला स्टिकर, मनगटावर नावाची पट्टी, प्रत्येक जण येऊन विचारणार "नाव काय, कुठला डोळा?". आधी वैताग आला, मग बरं वाटलं, विचारू देत की. एक सिस्टर आजोबा म्हणाली त्याचा अर्धा मार्क कापलाय. आत गेल्यावर बेटाडिनने डोळा धुतात, ते जंतुसंसर्ग टाळायला फार महत्त्वाचं असतं म्हणे. मला इंजेक्शन नाही, नुसत्या ड्रॉपने बधिर केलं. सगळ्यांचं तसं होत नाही, जे घाबरतात किंवा डोळा हलवतात त्यांना बाजूला इंजेक्शन देतात. वर दिवा, तो बघत राहायचं, पाण्याचा गारवा, मशीनचा आवाज खालीवर होणारा, गुलाबी निळे आकार तरंगतात. दुखलं नाही, दडपण जाणवलं. डॉक्टर मधूनमधून बोलत होते. पंधरा-वीस मिनिटं. टाका नाही. बाहेर आलो तर बायको म्हणाली "अहो झालं पण?".

त्या दिवशी धुरकट दिसलं, दुसऱ्या दिवशी शील्ड काढल्यावर जरा बरं पण अजून ढगाळ, बुबुळाला थोडी सूज असते ती उतरायला वेळ लागतो. शेजारच्या मावशींना पहिल्याच दिवशी लख्ख दिसलं आणि मला नाही म्हणून मी उगाच कासावीस झालो होतो. प्रत्येकाचं वेगळं असतं, कडक मोतीबिंदूवाल्यांना जास्त दिवस लागतात. डोळ्यात खुपल्यासारखं होतं, पाणी येतं. आणखी एक, कानाच्या बाजूला कोपऱ्यात काळी चंद्रकोर दिसायची. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं, इथे हॉस्पिटलचा एक मार्क कमी. लेन्सच्या कडेमुळे काहींना दिसते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते, माझी झाली. पण दुखायला लागलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं तर तासभरही थांबायचं नाही, रात्र असली तरी फोन करायचा. चमकणाऱ्या रेघा, अचानक खूप काळे ठिपके, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, हे पण तसंच, विशेषतः आम्हा मायनसवाल्यांना, पडदा सुटायचा धोका आमच्यात जास्त असतो.

ड्रॉप ही खरी परीक्षा. अँटिबायोटिक, स्टिरॉइडचा, आणि सूज कमी करणारा. स्टिरॉइडचा एकदम बंद करत नाहीत, दिवसाला सहा वेळा, मग चार, तीन, असं हळूहळू उतरवत महिना-दीड महिना. चिठ्ठी इंग्रजीत आणि एवढ्याशा अक्षरात, मोतीबिंदूच्या पेशंटला! नातीने कॅलेंडरच्या मागे मराठीत मोठा तक्ता केला, त्याच्यावर खुणा करायची. पांढरा दुधाळ ड्रॉप असेल तर आधी बाटली हलवायची, नाहीतर औषध तळालाच राहतं. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. हे सिस्टरने करून दाखवलं, त्यांचे साडेचार मार्क इथूनच आले.

भेटायला येणारे लोक हा स्वतंत्र आजार. वांगं बंद, आंबट बंद, शेंगाची चटणी बंद, कडक भाकरी चावायची नाही, टाके तुटतील. अहो टाकेच नाहीत! डॉक्टरला विचारलं तर हसून म्हणाले, सगळं खा, फक्त भाकरीचा चुरा उडून डोळ्यात जाऊ देऊ नका. टीव्ही आणि मोबाइलने पण काही बिघडत नाही. खरी बंधनं थोडीच, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ काही दिवस नाही, जड उचलायचं नाही, झोपताना शील्ड, धुळीत आणि शेतात नाही, पोहणं महिनाभर नाही. कंबर तलावाच्या बाजूला सकाळी चालायला मी थोड्या दिवसांतच जायला लागलो, काळा चष्मा लावून. तो हॉस्पिटलचा हिरवा-काळा चष्मा मात्र भंगार आहे, बाजूने उजेड येतो आणि नाकावर व्रण पडतात. नव्या पेठेतून साधा मोठ्या काचेचा घेतला.

रंगांचं सांगितलं नाही तर कामच अर्धं राहील. एक डोळा झालेला आणि दुसरा बाकी, या मधल्या काळात मी टेबलावर पांढरा टॉवेल पसरून एकेक डोळा झाकून बघायचो. नव्या डोळ्याने पांढरा, जरा निळ्याकडे झुकणारा, जुन्या डोळ्याने तोच टॉवेल चहा गाळायच्या फडक्यासारखा पिवळट. इतकी वर्षं मी त्या पिवळ्यातून शेड पास करत होतो आणि डाईंगवाल्याशी भांडत होतो. म्हाताऱ्या भिंगाचा पिवळेपणा निळा-जांभळा रंग अडवतो, म्हणून नेव्हीचा काळा व्हायचा. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे सगळं जास्तच निळं वाटतं, मेंदू जुळवून घेतो, म्हणून डॉक्टरचा सल्ला घेऊन मी त्या काळात एकही शेड फायनल केली नाही, अण्णालाच करायला लावली. आता नेव्ही नेव्ही दिसतो. अण्णा म्हणतो "मालक, आता आमचं अवघड झालं बघा".

दुसरा डोळा काही आठवड्यांनी केला, पहिला नीट बसल्यावर. लांबचा चष्मा मात्र नंबर स्थिर झाल्यावर, महिनाभराने केला. त्याआधी घाई करून महागाचा प्रोग्रेसिव्ह घेऊ नका, नंबर हलतो. रात्रीच्या ट्रकचा तो गोळा गेला, पुणे रोडला रस्ता दिसतो.

पैशाचं. मेडिक्लेममध्ये मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसीत पहिली दोन वर्षं वेटिंग असतं आणि एका डोळ्याला ठराविक रकमेचीच मर्यादा असते, वरचे खिशातून. एका दिवसाचं असलं तरी डेकेअर म्हणून मिळतं, ॲडमिट व्हायची गरज नाही. प्रीमियम लेन्सचा फरक कंपन्या बऱ्याच वेळा देत नाहीत, आधी लेखी विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्सच्या बॉक्समध्ये स्टिकर असतात, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर, सिरीयल नंबर, एक्सपायरी. एक स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवून मागा, बॉक्सवरची एमआरपी बघा. मी मागितलं तर केबिनवाल्या बाई जरा गडबडल्या, पण दिलं. सिल्व्हर-गोल्डचा सगळा रुबाब त्या छोट्या स्टिकरपुढे संपतो.

काही लोकांना महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धुरकट दिसायला लागतं आणि ते म्हणतात मोतीबिंदू परत आला. परत येत नाही, लेन्समागची पिशवी गढूळ होते. याग लेझरने काही मिनिटांत साफ करतात, कापाकापी नाही. हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी फारसं न शोषणाऱ्या मटेरिअलच्या आणि चौकोनी कडेच्या लेन्समध्ये हे कमी होतं, तर लेन्स विचारताना हा शब्द पण विचारून ठेवा, काउंटरवर नाही, डॉक्टरला.

बाकी तक्रारी किरकोळ. पार्किंग नाहीच, टू-व्हीलर घेऊन जा किंवा रिक्षा. सोमवारी सगळा जिल्हा येतो, बार्शी, अक्कलकोट, सांगोला, त्यामुळे नंबर लागायला दुपार होते, मधल्या वारी गेलं तर बरं. अपॉइंटमेंटची वेळ नुसती लिहायला असते. हॉस्पिटलच्याच मेडिकलमध्ये ड्रॉप घ्यायची सक्ती नाही, बाहेर तेच औषध मिळतं, फक्त नाव आणि टक्केवारी जुळवून घ्या. तपासणीला जाताना बाहुली मोठी करतात, नंतर चार-पाच तास गाडी चालवता येत नाही, सोबत कुणीतरी हवं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, आणि जुने चष्मे किंवा त्यांच्या नंबरच्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्या पण. माझा मायनस तीनचा जुना चष्मा कपाटात होता, तो बघूनच डॉक्टरने चष्मा काढून काम करण्याचा प्रश्न विचारला होता.